लेजांद्र, हर्माइट, लागेरची मुळं भलत्याच जागी येतात? या क्रमाने तपासा

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये क्वाड्रेचरचा (इंटिग्रलची किंमत आकड्यांनी काढण्याचा) प्रोग्रॅम लिहिणारे विद्यार्थी असोत, किंवा शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्रीसाठी ओतकाम थंड होण्याचं गणित मांडणारे इंजिनिअर, कोल्हापुरात गॉसच्या बिंदूंशी (इंटिग्रल काढताना फंक्शनची किंमत जिथे घेतात ते बिंदू; लेजांद्र, हर्माइट, लागेर या बहुपदींची मुळं म्हणजेच हे बिंदू) ज्यांचा संबंध येतो त्यांची तक्रार फिरून फिरून एकच असते: पाच-दहा डिग्रीपर्यंत मुळं तक्त्याशी जुळतात, पुढे काहीतरी बिनसतं. बिघाड बहुतेक वेळा ठरलेल्या सात-आठ जागांपैकी एका जागी असतो. खाली त्या जागा फुकटात तपासता येणाऱ्यापासून मेहनतीच्या तपासणीपर्यंत अशा क्रमाने दिल्या आहेत. क्रम मोडू नका. मॅट्रिक्सचा कोड पुन्हा लिहून दोन दिवस गेल्यावर कळतं की कॅल्क्युलेटर डिग्री मोडमध्ये होता.

लिहिताना ‘न’ म्हणजे बहुपदीची डिग्री, ‘क्ष’ म्हणजे चल. मूळ म्हणजे बहुपदी जिथे शून्य होते ती क्ष ची किंमत. वेट म्हणजे क्वाड्रेचरच्या बेरजेत त्या मुळावरच्या किमतीला ज्याने गुणायचं तो आकडा; वेट फंक्शन म्हणजे इंटिग्रलच्या आत गुणलेलं, त्या बहुपदीसाठी ठरलेलं फंक्शन.

लक्षणं

• न ३० पर्यंत ठीक, आणि ४० ते ५० च्या दरम्यान अचानक काही मुळांना काल्पनिक भाग चिकटतो.
• लेजांद्रचं एखादं मूळ १.००३ असं, म्हणजे १ च्या बाहेर पडतं.
• मुळं मोजली तर न पेक्षा कमी भरतात, किंवा एकच मूळ यादीत दोनदा येतं.
• हर्माइटचं प्रत्येक मूळ तक्त्यातल्या मुळाच्या बरोबर १.४१४ पट (किंवा ०.७०७ पट) येतं.
• लेजांद्र-हर्माइटच्या मुळांच्या अधिक-उणे जोड्या जमत नाहीत.
• यादीत −१ आणि १ हेच आकडे दिसतात.
• मुळं दिसायला बरोबर, पण वेट ० किंवा ‘एनएएन’ (‘हा आकडाच नाही’ अशी संगणकाची खूण).

आधी एक गोष्ट पक्की करा

वेट फंक्शन अंतरालावर धन असेल, तर न डिग्रीच्या ऑर्थोगोनल बहुपदीला (लेजांद्र, हर्माइट, लागेर याच जातीच्या) बरोबर न मुळं असतात. सगळी वास्तव, सगळी वेगवेगळी, सगळी अंतरालाच्या आत. याला अपवाद नाही. सिद्धता चार ओळींची आहे. समजा, अंतरालात बहुपदीचं चिन्ह न पेक्षा कमी ठिकाणी बदलतं. नेमक्या त्या ठिकाणी चिन्ह बदलणारी कमी डिग्रीची बहुपदी घ्या आणि दोघींचा गुणाकार करा. गुणाकाराचं चिन्ह कुठेच बदलत नाही, म्हणून वेट लावून केलेलं इंटिग्रल शून्य होऊ शकत नाही. पण कमी डिग्रीच्या कुठल्याही बहुपदीशी ते शून्यच असायला हवं, ऑर्थोगोनल म्हणजे तेच. झाला विरोध.

त्यामुळे १.००३ दिसलं की ‘आमच्या बहुपदीचं मूळ बाहेर आहे’ असं कोणी म्हणू नये. बहुपदी निर्दोष आहे. एक तर हिशेब चुकला, नाही तर तुम्ही दुसऱ्याच कुठल्या तरी बहुपदीची मुळं काढताय.

१. मागितलं काय होतं? (खर्च: शून्य)

सगळ्यात जास्त घोळ हर्माइटमध्ये होतो, कारण तिच्या दोन प्रथा आहेत. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातली तिसऱ्या डिग्रीची हर्माइट ८क्ष³ − १२क्ष; तिची मुळं ० आणि ±१.२२४७४. संख्याशास्त्राच्या पुस्तकातली क्ष³ − ३क्ष. तिची मुळं ० आणि ±१.७३२०५. दोन्ही बरोबर आहेत, फक्त पहिलीचं वेट फंक्शन ई चा −क्ष² घात आहे आणि दुसरीचं −क्ष²/२ घात. फरक √२ चा. सायपायमध्ये (पायथनची गणिती लायब्ररी) दोघींसाठी दोन वेगळी फंक्शन आहेत, ‘रूट्स हर्माइट’ आणि ‘रूट्स हर्माइट नॉर्म’. नाव अर्धवट वाचून उचललं की १.४१४ पटीचं लक्षण आलंच.

दुसरा घोळ अंतरालाचा. ०.२११३ आणि ०.७८८७ ही दोन डिग्रीच्या लेजांद्रची ० ते १ वर सरकवलेली मुळं. −१ ते १ वर तीच ±०.५७७३५ असतात. नोट्स झेरॉक्स होत होत पुढच्या बॅचकडे जातात आणि ‘अंतराल ० ते १’ ही तक्त्यावरची ओळ कुठेतरी कापली जाते.

तिसरा, यादीत −१ आणि १ असणं. लेजांद्रची १ वरची किंमत कायम १ आणि −१ वरची किंमत १ किंवा −१ असते. तिथे ती कधीच शून्य होत नाही. टोकं दिसतायत म्हणजे तुम्ही लोबॅटोचे बिंदू उचललेत. ते लेजांद्रच्या डेरिव्हेटिव्हची मुळं अधिक दोन टोकं असे असतात. चेबिशेव्हमध्येही (याच जातीची आणखी एक बहुपदी) पहिल्या प्रकारची मुळं आणि तिचे चढ-उताराचे बिंदू यांची अशीच अदलाबदल होते.

२. पॅरामीटर मर्यादेत आहेत का?

लागेरला अल्फा (तिच्या वेट फंक्शनमधला क्ष चा घात) −१ पेक्षा मोठा हवा. जॅकोबीला (लेजांद्रचं दोन पॅरामीटर असलेलं व्यापक रूप) अल्फा आणि बीटा दोन्ही. नाही तर वेट फंक्शनचं इंटिग्रलच अनंत होतं आणि वरची हमी संपते. हे कागदावर दोन मिनिटांत दिसतं. दुसऱ्या डिग्रीच्या लागेरची मुळं (अल्फा + २) ± √(अल्फा + २) अशी येतात. अल्फा ० असताना ०.५८५८ आणि ३.४१४२, दोन्ही धन. अल्फा −१.५ घेतला की एक मूळ −०.२०७, म्हणजे अंतरालाच्या (लागेरचा ० पासून अनंतापर्यंत) बाहेर. अल्फा −३ घेतला की मुळं −१ ± √(−१), थेट संमिश्र. इथे प्रोग्रॅम खरं सांगतोय, प्रश्नच चुकीचा विचारला आहे.

जॅकोबीत अल्फा-बीटाची अदलाबदल झाली तर मुळं आरशात बघितल्यासारखी उलटी येतात. पहिल्या डिग्रीचं एकमेव मूळ (बीटा − अल्फा) ÷ (अल्फा + बीटा + २) आहे, ते हाताने काढून ताडून बघा. लक्षात ठेवायची खूण: अल्फा वाढला की मुळं १ पासून दूर, डावीकडे सरकतात.

३. कॅल्क्युलेटरवरची बेरीज

मुळं एकेक न तपासता अख्ख्या यादीची परीक्षा एका बेरजेत होते.

लेजांद्र: मुळांच्या वर्गांची बेरीज न(न−१) ÷ (२न−१).
हर्माइट (भौतिकशास्त्राची): वर्गांची बेरीज न(न−१) ÷ २.
लागेर: मुळांची नुसती बेरीज न(न + अल्फा).

तिसऱ्या डिग्रीची लागेर घ्या: ०.४१५७७ + २.२९४२८ + ६.२८९९५ = ९.००००. बेरीज जुळली नाही तर एखादं मूळ सुटलंय, दोनदा आलंय किंवा हललंय. लेजांद्र-हर्माइटच्या मुळांची नुसती बेरीज मात्र तपासू नका. ती सममितीने शून्यच येते, आणि अधिक-उणे जोडीतली दोन्ही मुळं सारखीच चुकली तरी शून्यच राहते.

बेरीज चुकली पण कोणतं मूळ बिघडलंय ते कळत नसेल, तर स्टील्ट्येसने १८८५ साली दाखवलेली गोष्ट कामी येते. मुळं म्हणजे एकमेकांना ढकलणारे विद्युतभार समजा. ते समतोलात जिथे थांबतात तिथेच मुळं असतात. प्रोग्रॅममध्ये त्याचा उपयोग असा: एक मूळ धरा, बाकी प्रत्येक मूळ त्यातून वजा करा, वजाबाक्यांचे व्यस्त घ्या आणि बेरीज करा. हर्माइटमध्ये ही बेरीज त्या मुळाइतकीच यायला हवी. लेजांद्रमध्ये क्ष ÷ (१ − क्ष²), लागेरमध्ये (क्ष − अल्फा − १) ÷ (२क्ष). जिथे तफावत सगळ्यात मोठी, ते मूळ गुन्हेगार. यात बहुपदीची किंमत काढावी लागतच नाही. म्हणून बहुपदीचा कोड स्वतःच चुकीचा असला तरी ही परीक्षा चालते, आणि आमच्या मते या सगळ्या यादीत हिच्याइतकी कमी वापरली जाणारी आणि इतकी उपयोगी दुसरी परीक्षा नाही.

४. सहगुणक मांडलेत का? तर तिथेच थांबा

४०-५० च्या आसपास संमिश्र मुळं येण्याचं कारण दहापैकी नऊ वेळा हेच असतं. बहुपदीचे सहगुणक काढले, ते ‘रूट्स’ नावाच्या फंक्शनला दिले, आणि उत्तर आलं ते खरं मानलं.

बिघाड कुठे होतो ते बघा. −१ ते १ मध्ये लेजांद्रची किंमत कधीच १ च्या वर जात नाही. पण तिचे सहगुणक एकाआड एक अधिक-उणे असतात आणि प्रचंड मोठे होतात. चिन्ह सोडून त्यांची बेरीज केली तर न = २० ला ती सुमारे ५२ लाख भरते, न = ३० ला सुमारे २,९०० कोटी, आणि न = ५० ला १ वर १८ शून्यं. डबल प्रिसिजनमध्ये (संगणकात दशांश आकडे ठेवायच्या नेहमीच्या पद्धतीत) साधारण १६ अंक मावतात. म्हणजे न = ५० ला एवढाले आकडे एकमेकांतून वजा होऊन १ च्या आतलं उत्तर उरायला हवं, आणि उरतो तो नुसता राउंड ऑफचा कचरा. मुळं टोकांजवळ सगळ्यात दाट असतात (न = ५० ला शेवटचं मूळ १ पासून जेमतेम ०.००११ वर असतं), म्हणून बिघाड आधी टोकांना दिसतो: शेजारची दोन मुळं एकमेकांवर चढतात आणि संमिश्र जोडी बनून वर-खाली उडतात.

याची परीक्षा एका ओळीची आहे. सहगुणकांच्या रूपात क्ष = १ टाका. उत्तर १ यायला हवं. १ पासून जेवढं लांब, तेवढा तुमचा कोड आजारी. सायपायच्या दस्तऐवजातही सहगुणकांवरून किंमत काढणं २० च्या पुढच्या डिग्रीला अस्थिर असल्याचा इशारा दिलेला आहे. तो वाचायचे कष्ट कोणी घेत नाही, ही गोष्ट वेगळी.

काही जण इथे काल्पनिक भाग छाटून टाकतात आणि पुढे जातात. तसं करू नका. काल्पनिक भाग आला म्हणजे वास्तव भागही बिघडलेला आहे; छाटल्यावर एकाच जागी दोन मुळं उरतात आणि क्वाड्रेचरचं उत्तर गुपचूप चुकतं.

इलाज असा: बहुपदी उलगडूच नका. किंमत हवी तर तीन पदांच्या संबंधाने, म्हणजे लागोपाठच्या दोन डिग्रींच्या किमतींवरून पुढच्या डिग्रीची किंमत देणाऱ्या सूत्राने, काढा. लेजांद्रसाठी तो असा (क म्हणजे ‘आत्ताची’ची डिग्री):

(क+१) × पुढची = (२क+१) × क्ष × आत्ताची − क × मागची

सुरुवात १ आणि क्ष पासून. यात कुठलाही आकडा फुगत नाही; न = १००० लाही किंमत नीट येते.

५. न्यूटनची सुरुवात कुठून केली?

मुळं कमी भरतात किंवा दोनदा येतात ती बहुतेक इथे. न्यूटनची पद्धत (अंदाजातून ‘किंमत ÷ डेरिव्हेटिव्ह’ वजा करत मुळाकडे जाणं) मनाला येईल त्या आकड्यापासून सुरू केली तर ती मनाला येईल त्या मुळाकडे जाते. लेजांद्रला उजवीकडून क क्रमांकाच्या मुळासाठी हा अंदाज घ्या:

कॉस( पाय × (४क − १) ÷ (४न + २) )

न = ५, क = १ धरून करून बघू. कॉस(३ × पाय ÷ २२) = ०.९०९६३२. इथे बहुपदीची किंमत ०.०२४१३५, डेरिव्हेटिव्ह ७.११२७. भागाकार ०.००३३९३ वजा केला की ०.९०६२३९. आणखी एक फेरी, ०.९०६१७९९. खरं मूळ ०.९०६१७९८४५९. तिसऱ्या फेरीला दहा अंक पक्के होतात. पाच-सहा फेऱ्यांनंतरही आकडा हलत असेल तर अंदाज किंवा डेरिव्हेटिव्ह चुकलं आहे. डेरिव्हेटिव्ह वेगळं काढायची गरज नसते:

न × (क्ष × आत्ताची − मागची) ÷ (क्ष² − १)

इथल्या नेहमीच्या चुका तीन. सी भाषेत (४क − १) ÷ (४न + २) पूर्णांकात भागलं आणि नंतर पायने गुणलं, तर भागाकार ० येतो, कॉस १ येतो, आणि वरच्या सूत्रात शून्याने भागून ‘एनएएन’. दुसरी, कॅल्क्युलेटर डिग्री मोडमध्ये. तिसरी, थांबण्याची अट इतकी कडक ठेवणं (१० चा −१६ वा घात) की शेवटचा अंक दोन किमतींमध्ये नाचत राहतो आणि लूप संपतच नाही. −१४ वा घात ठेवा आणि फेऱ्यांवर दहाची मर्यादा घाला.

एक मूळ मिळालं की त्याने बहुपदीला भागून पुढचं शोधायची युक्ती या कामाला वापरू नका. भागाकारासाठी पुन्हा सहगुणक लागतात, आणि प्रत्येक मुळातली चूक पुढच्यात जमा होत जाते.

६. चिन्हं मोजा

मूळ सुटलंय का, हे शंभर टक्के सांगणारी तपासणी. एखाद्या क्ष वर शून्य डिग्रीपासून न डिग्रीपर्यंतच्या सगळ्या किमती ओळीने मांडा आणि चिन्ह किती वेळा बदललं ते मोजा. तेवढीच मुळं त्या क्ष च्या उजवीकडे असतात.

क्ष = ०.५, न = ५ साठी किमती अशा: १, ०.५, −०.१२५, −०.४३७५, −०.२८९१, ०.०८९८. चिन्हं: अधिक, अधिक, उणे, उणे, उणे, अधिक. दोन बदल. ०.५ च्या उजवीकडची मुळं: ०.५३८५ आणि ०.९०६२. दोनच. किंमत आधीच तीन पदांच्या संबंधाने काढत असाल तर यासाठी वेगळा खर्च नाही. न्यूटन भरकटत असेल तर हीच मोजणी घेऊन अंतराल अर्धा-अर्धा करत जा. हळू आहे, पण मूळ चुकत नाही.

७. मॅट्रिक्सवर जा

हर्माइट आणि लागेरला चांगले सुरुवातीचे अंदाज देणं कटकटीचं असतं, म्हणून तिथे थेट गोलुब आणि वेल्श यांची १९६९ सालची पद्धत घ्या: तीन पदांच्या संबंधातले आकडे सममित त्रिकर्णी मॅट्रिक्समध्ये (मुख्य कर्ण आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या रांगा सोडून सगळीकडे ०) भरायचे, तिच्या आयगेन व्हॅल्यू म्हणजेच मुळं. मॅट्रिक्स सममित असल्यामुळे मुळं वास्तवच येतात. खाली क म्हणजे त्या रांगेतल्या आकड्याचा क्रमांक, वेगळं सांगितलं नसेल तिथे १ पासून.

लेजांद्र: कर्णावर ०, बाजूला क ÷ √(४क² − १).
हर्माइट: कर्णावर ०, बाजूला √(क ÷ २).
लागेर: कर्णावर २क + अल्फा + १ (क ० पासून), बाजूला √(क(क + अल्फा)) (क १ पासून).

चाचणी तीन बाय तीनवर घ्या. लेजांद्रच्या बाजूचे आकडे ०.५७७३५ आणि ०.५१६४०; आयगेन व्हॅल्यू ० आणि ±०.७७४६० यायला हव्यात.

तरीही उत्तर चुकलं तर या जागा बघा. पहिल्या प्रकारच्या चेबिशेव्हमध्ये बाजूचे सगळे आकडे ०.५, पण पहिला ०.७०७१ असतो, सगळे ०.५ भरले तर दुसऱ्या प्रकारची मुळं मिळतात. जॅकोबीच्या सामान्य सूत्रात अल्फा + बीटा ० असेल तर कर्णाचा पहिला आकडा, आणि −१ असेल तर बाजूचा पहिला आकडा, शून्य भागिले शून्य होतो. त्या दोन जागा हाताने भराव्या लागतात. आणि आयगेन व्हॅल्यू काढताना सममित मॅट्रिक्ससाठीचं फंक्शन वापरा. सर्वसाधारण फंक्शन उत्तर क्रमाने देत नाही, मग वेट एका मुळाचं आणि मूळ दुसऱ्याचं अशी गाठ पडते.

उत्तरावर नजर टाकायला दोन कुंपणं पुरतात: हर्माइटचं सगळ्यात मोठं मूळ √(२न + १) च्या आत, साध्या लागेरचं (अल्फा ०) ४न + २ च्या आत. न = १० च्या लागेरचं शेवटचं मूळ २९.९२ आहे, कुंपण ४२.

८. वेट शून्य येतात

हा बिघाड नसेलही. न = १० च्याच लागेरमध्ये शेवटचं वेट साधारण एक भागिले एक लाख कोटी इतकं बारीक असतं. हर्माइटमध्ये न = ४०० च्या आसपास टोकाची वेट डबल प्रिसिजनच्या तळाखाली जातात आणि ० छापली जातात; मुळं तेव्हाही बरोबर असतात. ‘एनएएन’ मात्र बिघाडच. तो सूत्रातल्या फॅक्टोरियलमुळे येतो: डबलमध्ये १७०! मावतं, १७१! मावत नाही. सूत्र सोडा. आयगेन व्हेक्टर एकक लांबीचा करा, त्याच्या पहिल्या घटकाचा वर्ग घ्या, आणि वेट फंक्शनच्या एकूण इंटिग्रलने गुणा (लेजांद्रला २, हर्माइटला √पाय, साध्या लागेरला १).

कधी थांबायचं

इथवर येऊनही सुटलं नाही, किंवा पुढचं काही असेल, तर स्वतः झगडू नका.

न हजारांत असेल तर घरचा कोड नको. त्यासाठी वेगळ्या पद्धती आहेत (ग्लेझर, लिऊ आणि रोख्लिन २००७, हेल आणि टाउनसेंड २०१३, लेजांद्रसाठी बोगार्ट २०१४) आणि त्या तयार लायब्ररींमध्ये मिळतात. १६ पेक्षा जास्त अंक हवे असतील तर एमपीमॅथसारखी वाढीव अचूकतेची लायब्ररी घ्या. डबलमध्ये कितीही फेऱ्या मारल्या तरी ते अंक येणार नाहीत.

वेट फंक्शन अभिजात नसेल, तुमच्या प्रयोगातून आलेलं असेल, तर तीन पदांच्या संबंधातले आकडे आधी काढावे लागतात. मोमेंटवरून (वेट फंक्शन लावून केलेल्या क्ष च्या घातांच्या इंटिग्रलवरून) ते काढणं म्हणजे चौथ्या मुद्द्यातला खड्डा पुन्हा, त्याहून खोल. इथे संख्यात्मक विश्लेषण शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडे जा. अल्फा −१ च्या खाली मुद्दामच ठेवायचा असेल तेव्हाही तेच.

फौंड्रीतल्या सिम्युलेशनसाठी एक वेगळी सूचना. आठ कोपऱ्यांच्या विटेसारख्या घटकात साधारणपणे २ × २ × २ चे आठ गॉस बिंदू असतात, आणि त्यांचे सहनिर्देशक ±०.५७७३५ शिवाय दुसरे असू शकत नाहीत. तिथे तापमान विचित्र येत असेल तर मुळांच्या मागे लागू नका. मेश, मटेरियल डेटा आणि सीमेवरच्या अटी बघा, किंवा सॉफ्टवेअरच्या सपोर्टला बोलवा.

कोणाकडेही जाताना एवढं कागदावर न्या: कोणती बहुपदी आणि कोणती प्रथा, अंतराल, न, पॅरामीटर, भाषा आणि प्रिसिजन, तिसऱ्या मुद्द्यातली बेरीज किती आली, आणि ज्या सगळ्यात लहान न ला बिघाड दिसतो तो न.